शिबिर कुणाचे, निर्णय कुणाचा?

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. गडावर जायच्या घाईत असलेल्या गाड्या तिथे फारशा थांबत नाहीत. या गावात जन्मलेले दोघे पुढे केंद्रात मंत्री झाले, आणि दोघांचीही मंत्रिपदे तत्त्वाच्या प्रश्नावर गेली. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ चा. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या बेताला विरोध म्हणून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मोहन धारिया यांचा जन्म १९२५ चा. विद्यार्थी असतानाच ते बेचाळीसच्या चळवळीत उतरले. १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने बोलणी करावीत, असे उघडपणे म्हटल्यामुळे त्यांना इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले आणि आणीबाणीत तुरुंगवासही घडला. गावच्या मातीचा गुण वगैरे लिहायचा मोह इथे होतो, तो आवरलेला बरा. या दोघांची आठवण काढायचे कारण निराळे आहे. महाड-पोलादपूरच्या कॉलेजांतली मुले ज्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये नाव घालतात, तिच्या उगमाशी देशमुखांचे नाव आहे. आणि त्या योजनेच्या शिबिरांतून कोकणभर जे वनराई बंधारे घातले जातात, त्यांच्याशी धारियांचे.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. समितीची शिफारस रोखठोक होती. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. खर्च झेपणार नाही, अंमलबजावणी जमणार नाही, म्हणून ही शिफारस बाजूला पडली. मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजना अभ्यासल्या आणि सेवा ऐच्छिक ठेवा, सुरुवात लहान करा, असे सुचवले. कोठारी आयोगानेही समाजसेवा हा शिक्षणाचाच भाग मानला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४० हजार विद्यार्थी आले. योजनेचा साचा बहुतेकांना ठाऊक आहे: दोन वर्षे, दर वर्षी १२० तास, एक दत्तक गाव, तिथे सात दिवसांचे निवासी शिबिर, साधारण शंभर स्वयंसेवकांचे एक युनिट आणि आपले तास सांभाळून ते चालवणारे एक प्राध्यापक, म्हणजे कार्यक्रम अधिकारी. शिबिराच्या अहवालात शेवटी एक वाक्य हमखास येते की, विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण, संघभावना आणि जीवनमूल्ये यांचा विकास झाला. तो झाला हे कशावरून, असे सहसा कुणी विचारत नाही.

विचारायला मात्र हवे, कारण आता या योजनेला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. आधी ऐच्छिक ठेवलेली गोष्ट गुणपत्रिकेच्या वाटेने पुन्हा थोडी सक्तीची होऊ घातली आहे, आणि सक्ती बरी की इच्छा बरी हा देशमुख आणि सैयदैन यांच्या काळातला वाद नव्याने सुरू झाला आहे. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. सक्तीने आलेला मुलगाही घडू शकतो आणि हौसेने आलेली मुलगी सात दिवस टाळ्या वाजवून जशीच्या तशी परत जाऊ शकते. खरा फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. कामातला एखादा तरी निर्णय विद्यार्थ्याच्या हातात आला का, आणि त्या निर्णयाचे बरेवाईट त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागले का? हे घडले असेल तर नेतृत्व, संघभावना, मूल्ये हे शब्द वापरायला हरकत नाही. घडले नसेल तर १२० तास म्हणजे नुसती हजेरी.

वनराई बंधाऱ्याचेच उदाहरण घेऊ. धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने हा प्रकार गावोगाव नेला. साहित्य अगदी किरकोळ लागते: सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती, ओढ्याकाठची माती आणि वाळू, दाभण, सुतळी, फावडी, घमेली. दिसायला हे पोरखेळ वाटते, पण हात घातला की एकेक भानगड कळते. पोते गच्च भरले तर ते गोल आणि टणक होते, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निसटते. थोडे सैल ठेवले तर वरच्या वजनाने चपटे होऊन फट बुजवते. एका थरातले सांधे दुसऱ्या थरातल्या पोत्यांच्या पोटाखाली यावे लागतात. पाया माथ्यापेक्षा रुंद लागतो. बंधाऱ्याची दोन्ही टोके काठात खोदून आत घुसवावी लागतात, नाहीतर पाणी कडेने वाट काढते. आणि सगळ्यात जास्त फसवणूक तळाशी होते. तिथले गोटे आणि सैल वाळू काढल्याशिवाय पहिला थर टाकला तर बंधारा वरून शाबूत दिसतो आणि पाणी खालून निघून जाते. उद्घाटनाच्या फोटोत हे दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी दिसते, पण तोवर शिबिर उठलेले असते.

इथेच घोडे पेंड खाते. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, माती पातळ, खडक लवकर लागणारा. पाणी जितक्या जोरात येते तितक्याच घाईने सावित्रीला मिळते. अशा ठिकाणी ओढा अडवायची वेळ म्हणजे पाऊस ओसरल्यावर, पण धार चालू असताना: ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबर. एनएसएसची शिबिरे मात्र साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत लागतात, कारण सत्र परीक्षा तेव्हा आटोपलेल्या असतात. तोवर वरच्या अंगाचे कित्येक ओढे कोरडे पडलेले असतात. म्हणजे मुले जीव तोडून पोती वाहतात आणि बंधारा घालतात, पण अडवायला पाणीच नसते. हा दोष मुलांच्या कष्टाचा नाही, कार्यक्रम अधिकाऱ्याच्या तळमळीचाही नाही. काम गावाच्या गरजेवरून ठरण्याऐवजी कॉलेजच्या वेळापत्रकावरून ठरते आणि ठरवताना मुलांना कुणी विचारत नाही, हा तो दोष. समजा, सप्टेंबरातच पाच-सहा मुलामुलींना गावात पाठवले, ओढा कुठे रुंद आहे, धार कधी तुटते हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायला सांगितले, आणि जागा व तारीख ठरवायचा अधिकार त्यांनाच दिला. ते परत येऊन सांगतील की, सर, बंधारा शिबिरात नको, ऑक्टोबरातल्या दोन रविवारी घालू. वर्षाच्या १२० तासांत ते सहज बसते. आणि फेब्रुवारीत पाणी टिकले की नाही, हे बघायला कुणी सांगावे लागणार नाही.

यावर कार्यक्रम अधिकाऱ्यांचा पहिला आक्षेप असा असणार की, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या हाती निर्णय दिला तर काम बिघडेल. बिघडेलच कधी कधी. पण या वयाला कमी लेखण्यापूर्वी याच भागाचा इतिहास बघावा. रामचंद्र बाबाजी मोरे, पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेलेले, यांचा जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीचा. शिष्यवृत्ती मिळवूनही अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. त्या पोरवयात त्यांनी दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. तेव्हाची लढाई स्वतःच्या बाकापुरती होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तिच्या जुळवाजुळवीत पुढे असलेल्या कार्यकर्त्यांत हे चोवीस वर्षांचे मोरे होते. बाबासाहेबांना महाडला आणण्याच्या खटपटीत त्यांचा वाटा होता. मधल्या दहा-बारा वर्षांत घडले ते व्याख्यान ऐकून घडले नाही. स्वतःसाठी मागितलेल्या हक्कातून इतरांची अडचण कळत गेली आणि ती सोडवण्यासाठी माणसे जोडावी लागली. नेतृत्वाची वाढ म्हणतात ती हीच: ‘मला’पासून सुरू झालेले काम ‘आपल्याला’पर्यंत पोहोचणे. असामान्य माणसाचे उदाहरण सामान्य विद्यार्थ्याला लागू नाही, असे कुणी म्हटले तर ते निम्मे मान्य आहे. प्रत्येक जण मोरे होणार नाही, देशमुख-धारियाही होणार नाही. पण स्वतःच्या वाडीची एक तक्रार नीट लिहून ग्रामसभेत मांडणे आणि उत्तर मिळेपर्यंत तिचा पिच्छा न सोडणे, हे काही असामान्य काम नाही.

संघभावनेबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. पोरे एका छपराखाली सात दिवस राहिली, एका पंगतीला जेवली, शेवटच्या रात्री नाचली, की एकी होते, अशी. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात हीच गोष्ट तपासली. मुलांचे दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या, आणि थोड्याच दिवसांत गट हातघाईवर आले. मग त्यांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र सिनेमा दाखवला. भांडण मिटले नाही. जेवणाच्या पंगतीत तर एकमेकांवर अन्न फेकले गेले. फरक पडला तो वेगळ्याच कारणाने. शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते सुरू करायला दोन्ही गटांची गरज लागली. अन्न आणणारा ट्रक बंद पडला आणि तो दोराने ओढायला सगळ्यांचे हात लागले. या अडचणी संशोधकांनीच मुद्दाम उभ्या केल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली आहे. शिवाय सगळी मुले एकाच थरातल्या घरांतली होती, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही. तरी मुद्दा पटण्याजोगा आहे. एकट्या गटाला पेलणार नाही असे काम समोर आले की माणसे एकमेकांकडे उपयोगाच्या नजरेने बघू लागतात, आणि आदर त्यातून येतो. पोलादपूरच्या ओढ्यात अडचण मुद्दाम उभी करावी लागत नाही. धडधाकट मुलगा पोती वाहतो. पण पाणी तळातून जाते आहे हे लक्षात येते ते बहुतेक शेताच्या बांधावर वाढलेल्या, वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्याच्या. त्या दिवसापुरता तरी वर्गातला पहिला नंबर त्याला विचारून काम करतो.

आपल्या शिबिरात असते पण शेरीफच्या शिबिरात नव्हती अशी एक गोष्ट म्हणजे जात, आणि दुसरी, मुलगा-मुलगी हा भेद. मूल्यांची खरी परीक्षा बौद्धिक सत्रात होत नाही, ती कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यात होते. स्वयंपाकघरात कोण, खड्डा खणायला कोण, संडास धुवायला कोण, आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला कोण? रांगोळी आणि पोळ्या मुलींकडे, फावडी मुलांकडे, आणि साफसफाई ‘ज्यांना सवय आहे’ त्यांच्याकडे, असा तक्ता लागला असेल तर त्या रात्री समतेवर झालेले भाषण कितीही रंगो, मुलांनी दिवसभर शिकलेला धडा विषमतेचा असतो. महाडमध्ये हे विसरून चालत नाही. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर समता आली होती. पण १९२७ च्या मार्चमध्ये परिषदेला आलेल्या प्रतिनिधींना पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते, कारण त्यांना गावातल्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे शेकडो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला.

आणि त्याच दिवशी पुढे जे घडले ते विद्यार्थ्यांच्या शिबिरात क्वचित सांगितले जाते. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि जमावाने मंडपावर, वाटेतल्या लोकांवर हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले धिप्पाड लोक होते; उलट मारायला त्यांना वेळ लागला नसता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. पुढे डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना; ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. तळ्याचा वाद कोर्टात गेला होता, मनाई हुकूम आला, तेव्हा हजारो माणसे जमलेली असताना तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला, अस्पृश्यांच्या बाजूने. हात उगारलेला असताना तो खाली घेणे, जमलेल्या गर्दीला ‘आज नाही’ असे सांगणे आणि ती आपले ऐकेल इतका विश्वास आधी कमावलेला असणे, हे नेतृत्व भाषणाच्या फडापेक्षा कितीतरी अवघड आहे. आपल्या नेतृत्व विकासाच्या कार्यशाळांत सभाधीटपणा शिकवतात, संचालन शिकवतात, माइक कसा धरावा तेही सांगतात. थांबायचे कधी, ते कुणी शिकवत नाही.

थांबण्याचा हा मुद्दा महाड-पोलादपुरात निव्वळ इतिहासाचा नाही. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या कुशीत महाड वसले आहे आणि पूर इथे नवा नाही. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस त्याबरोबर गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर आला. ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर पाण्याखाली गेले. रस्ते बुडालेले, घाट बंद. तळियेपर्यंत बाहेरची पथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर ढिगाऱ्याशी होते ते आसपासच्या गावांतले लोक. पाणी ओसरल्यावर महाडच्या दुकानांतून, घरांतून गाळ काढायला राज्यभरातून तरुण आले, त्यांत एनएसएसची मुलेही होती. हे सगळे बघून कुणालाही वाटेल, इथल्या विद्यार्थ्याला नेतृत्वाची शाळा दाराशीच आहे.

नेमका इथेच दुसरा आणि जास्त गंभीर आक्षेप येतो. सरकारचे काम फुकटात विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारायचे आणि त्याला संस्कार म्हणायचे, हा काय न्याय? दरडप्रवण गावांचे पुनर्वसन, नदीतला गाळ, पुलांची तपासणी ही शासनाची कामे आहेत. एकोणीस वर्षांच्या पोरांच्या घमेल्याने ती होणार नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शिवाय अप्रशिक्षित उत्साही तरुण दरडीच्या जागी गेला तर तो स्वतःचा जीव धोक्यात घालतो आणि बचाव पथकाचे काम वाढवतो. पण यातून विद्यार्थ्यांना घरी बसवावे असा निष्कर्ष निघत नाही. त्यांचे काम कोणते हे आधी ठरवावे असा निघतो. पूल गेला त्या रात्री जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने गाड्या दिसेनाशा होताहेत हे ओळखून येणारी वाहने थांबवली. त्याने नदीत उडी घेतली नाही. रस्त्यावर उभे राहून गाड्या अडवल्या, कारण त्या घटकेला तेच काम त्याच्या आवाक्यातले होते आणि त्याने जीव वाचले. विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली अशी कामे पुष्कळ आहेत आणि ती पावसाच्या आधीची आहेत. कोणत्या वाडीत अंथरुणाला खिळलेली माणसे किती, कोणाकडे दुचाकी आहे, फोनची रेंज कुठे मिळते, रात्री हलायचे झाले तर कोणती शाळा उंचावर आहे, याची यादी मे महिन्यात तयार करणे. डोंगराला भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर ते तलाठ्यापर्यंत पोहोचवणे. आणि शासनाने काम केले नाही तर ते का केले नाही, असे ग्रामसभेत विचारणे. जो विद्यार्थी गाळ काढतो पण गाळ का साचला हे विचारत नाही, त्याची सेवा अर्धीच झाली.

तिसरा आक्षेप मुलांच्या बाजूचा आहे आणि शहरातल्या कॉलेजांत तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात काय किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात काय, आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले एसटीच्या वेळेला बांधलेली असतात. दुपारनंतर थांबले तर शेवटची गाडी जाते. काही जण बिरवाडीकडच्या एमआयडीसीत पाळीवर काम करून शिकतात. कापणीच्या दिवसांत घरी हात हवे असतात, आणि मुलींना तर ‘शिबिराला रात्री राहायचे’ एवढ्या वाक्यावर परवानगी नाकारली जाते. परिणामी संधी मिळते ती गावात राहणाऱ्या, घरी पाठबळ असलेल्या मुलांना, आणि प्रमाणपत्रही तीच घेऊन जातात. याला उपाय आहे, फक्त साचा मोडायची तयारी हवी. एकच दत्तक गाव घेऊन सगळ्यांना तिथे नेण्याऐवजी, एकाच दिशेच्या एसटीने येणाऱ्या चार-पाच जणांचा गट करून त्यांच्याच वाड्यांत काम दिले तर शेवटच्या गाडीचा प्रश्न मिटतो आणि मुलीला रात्री बाहेर राहावे लागत नाही. आपल्याच गावात काम करणे सोपे असते, असा मात्र गैरसमज नसावा. परक्या गावात स्वयंसेवकाचे कौतुक होते. स्वतःच्या गावात ‘कालचा पोर, आम्हाला शिकवतो’ हे ऐकावे लागते, भावकीच्या वादातून वाट काढावी लागते, आणि काम फसले तर तोंड लपवायला जागा नसते. नेतृत्व शिकायला याहून कडक मास्तर मिळणार नाही.

ही मुले शेवटी मुंबई-पुण्याला जाणार, मग गावासाठी त्यांना घडवून काय उपयोग, असेही विचारले जाते. जाणार हे खरे. पोलादपूरच्या वाड्यांतले कर्ते हात पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत. पण हेच लोक मुंबईत गावाचे मंडळ चालवतात: महिन्याची वर्गणी, वार्षिक सभा, हिशेबाची वही, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेला बाके, कुणाच्या मयताला मदत. गावातला रस्ता कुठून जावा यावर मुंबईच्या खोलीत तासन्‌तास वाद होतात. म्हणजे संघटना चालवण्याची गरज गाव सोडल्याने संपत नाही, ती मुंबईत जरा जास्तच लागते. ज्याने विद्यार्थिदशेत पाच जणांचा गट चालवला, खर्चाची पावती जपली आणि विरोधकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, तो त्या सभेत उपयोगी पडतो. ज्या मंडळांत बायकांना सभेला बोलावतच नाहीत तिथे एखादी शिबिरातून घडलेली मुलगी जाऊन बसली, तर ते मोठेच काम होईल.

राहता राहिले श्रेयांक. गुणांसाठी केलेली सेवा खोटी, असा सोवळेपणा मी करणार नाही. गरीब घरच्या मुलाला वेळेचा मोबदला श्रेयांकाच्या रूपाने मिळत असेल तर तो त्याच्या हक्काचा आहे. माझी हरकत मोजमापाला आहे. तासांची बेरीज, फोटो, बातमीचे कात्रण आणि छापील अहवाल यांवर श्रेयांक दिले तर मुले तेच बनवायला शिकतील, आणि कागद रंगवणे हे मूल्य त्यांच्या अंगी बाणेल. त्यापेक्षा गटाला विचारावे की, काम तुम्ही कुणाला विचारून निवडले, गावात कोणी नको म्हटले का, तुमच्यात कशावरून भांडण झाले, आणि सहा महिन्यांनी तिथे काय उरले. गावालाही नको म्हणायची मोकळीक द्यावी. शिबिर आले की सरपंचाने नाइलाजाने शाळेच्या खोल्या उघडून द्यायच्या, हे बंद व्हावे. पोलादपूरच्या एखाद्या गटाने अहवालात एवढेच लिहिले की, आमचा बंधारा महिन्याभरात कोरडा पडला, कारण तळातली वाळू आम्ही काढली नव्हती, ओढ्याची जागा बरोबर आहे, पुढच्या वर्षीच्या गटाने आधी दोन फूट खणून घ्यावे, तर त्यांना पूर्ण श्रेयांक देताना परीक्षकाने हात आखडता घेऊ नये.